रविवारचं सदर आणि रखडलेलं पुस्तक

‘तू अजून ते कॉम्प्युटरवरचं फुकटात लिहितेस का गं?’ हा प्रश्न मला आठवड्यातून किमान दोनदा विचारला जातो. विचारणारे बदलतात, टोन तोच. नांदेडला घरी गेले की अप्पा विचारतात, लातूरला रूम पार्टनर विचारते आणि महिन्याच्या २८ तारखेला, भाड्याचा हिशेब लावताना, मीच मला विचारते. उत्तर दरवेळी एकच. हो, लिहिते!

तर आधी ओळख. मी फ्रीलान्स पत्रकार. म्हणजे मास कॉमची डिग्री, एक सेकंडहँड लॅपटॉप आणि ‘पेमेंट पुढच्या आठवड्यात करतो’ म्हणणारे चार-पाच क्लायंट. पोटापाण्यासाठी भाषांतरं करते, जाहिरातींच्या कॉपी लिहिते, क्लासेसची माहितीपत्रकं लिहिते. (लातुरात बाकी कशाचीही टंचाई होईल, क्लासेसच्या माहितीपत्रकांची नाही.) आणि या सगळ्यातून वेळ काढून २०२१पासून एका स्थानिक दैनिकात दर रविवारी टेक्नॉलॉजीवर सदर लिहिते. मानधन? नाव छापून येतं. फोटोही येतो. तो अजून डिग्रीच्या वेळचाच आहे, त्यामुळे वाचक प्रत्यक्ष भेटले की जरा दचकतात.

असं लिहिणारी मी एकटी नाही, हे एक बरं. नांदेडला पॉलिटेक्निकमध्ये शिकवणारे एक सर आहेत. ते कॉलेज सुटल्यावर मराठी विकिपीडियावर संगणकाचे लेख लिहीत बसतात. लातुरात एक मित्र आहे, त्याचं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे. तो एका मासिकात ‘हे असं का बिघडतं’ टाइपचं लिहितो आणि सॉलिड लिहितो. आम्हा तिघांना लिहिण्याचे पैसे मिळत नाहीत. आणि आम्हा तिघांच्याही डोक्यात एकेक पुस्तक आहे. सरांचं गेली सहा वर्षं ‘जवळजवळ झालंय’. मित्राचं नाव ठरलंय, मजकूर बाकी आहे. माझं मात्र गेल्या वर्षी एकदम खरं व्हायची वेळ आली. एका छोट्या प्रकाशकाचा फोन आला.

‘मॅडम, तुमचं सदर आहे ना? मग पुस्तक तयारच आहे की! जमवायचं फक्त.’

दिवाळीच्या सुट्ट्या, निवडणुकीच्या पानभर जाहिराती वगैरे वगळून माझे २१० लेख झालेत. प्रत्येकी साधारण ६०० शब्द. म्हणजे सव्वा लाख शब्द! प्रकाशकांना हवे होते ४० हजार. मीही खूश. एका रविवारी सगळे लेख काढून बसले. तीन ढीग केले: जिवंत, दुरुस्तीचे आणि मेलेले.

मेलेले ९६ निघाले.

काय काय मेलं होतं बघा. २०२१ साली सायबर फसवणुकीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन सुरू झाली तेव्हा मी चौकटीत ठळक छापलं होतं, १५५२६० लक्षात ठेवा. पुढच्याच वर्षी तो नंबर बदलून १९३० झाला. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये मराठी नीट कसं दिसेल यावर मी अख्खा लेख खर्ची घातला होता. मायक्रोसॉफ्टनं जून २०२२मध्ये ते रिटायर केलं. ट्विटरवर खातं कसं उघडायचं हेही लिहिलं होतं. जुलै २०२३मध्ये त्याचं नावच ‘एक्स’ झालं. विंडोज १०वर चार लेख होते, तिचा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. छापले त्या रविवारी हे सगळे लेख अगदी बरोबर होते. पण दुधाच्या पिशवीवर असते तशी त्यांच्यावरही तारीख होती, फक्त छापलेली नव्हती.

वर्तमानपत्रात हे चालतं. नंबर बदलला की पुढच्या रविवारी नवा नंबर द्यायचा. पुस्तकात मात्र ‘पुढचा रविवार’ नसतो. ग्रंथालयात गेलेली प्रत दहा वर्षं तिथेच राहणार आणि एखाद्या घाबरलेल्या माणसानं त्यातला जुना नंबर फिरवला तर त्याला मी काय सांगणार? फसवणुकीत पहिल्या तासाला किती महत्त्व असतं हे बँकेत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात पळायच्या आत तक्रार गेली तरच ते अडवता येतात.

दुरुस्तीचे निघाले ७१. खऱ्या अर्थानं जिवंत ४३. आणि या ४३ लेखांमध्ये मोठी गंमत होती. एकाही लेखात ‘इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा’ नव्हतं. यूपीआयचा पिन पैसे देताना टाकायचा असतो, पैसे घेताना कधीच नाही आणि असं का आहे. ओटीपी म्हणजे नक्की काय. एकच पासवर्ड पाच ठिकाणी वापरला की काय होतं. फाइल डिलीट केल्यावर खरंच जाते का. थोडक्यात, ‘का’ टिकलं होतं आणि ‘कसं’ मेलं होतं.

मी हे सरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, विकिपीडियावाल्यांनी हे भांडण केव्हाच सोडवलंय. मराठी विकिपीडिया १ मे २००३ला सुरू झाला. विश्वकोशातला लेख ‘हे काय आहे’ सांगतो, ‘हे कसं करायचं’ त्याची पायरी-पायरीची माहिती तिथे चालत नाही, असा तिथला दंडकच आहे. मग शिकवणाऱ्या मजकुराचं करायचं काय? त्यासाठी त्याच वर्षी जुलैमध्ये ‘विकिबुक्स’ हा वेगळा प्रकल्प निघाला. सरांचा फंडा असा, की लेख लिहिणारे हात चार मिळतात, कारण लेख एका रात्रीत संपतो. पुस्तकाला रोज बसावं लागतं आणि रोज बसणारा माणूस फुकटात मिळत नाही. ‘मी स्वतःच बघ की,’ असं म्हणून ते पुन्हा लेखाकडे वळले.

आता तुम्ही म्हणाल, लेखांचंच पुस्तक करणारे काय कमी आहेत? आमच्या नांदेडचंच उदाहरण घ्या ना. नरहर कुरुंदकर. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, आणि नांदेडमध्ये वाढलेल्या कुठल्याही पोराला वक्तृत्व स्पर्धेत ज्यांचं नाव घ्यावंच लागतं असे. १९३२चा जन्म, १० फेब्रुवारी १९८२ला गेले, म्हणजे पन्नाशीही पाहिली नाही. त्यांची कितीतरी पुस्तकं म्हणजे मुळात लेख, भाषणं आणि प्रस्तावना. ‘श्रीमान योगी’ची प्रस्तावना म्हणून छापलंय ते तर चक्क रणजित देसाईंना लिहिलेलं पत्र आहे! पत्र लिहिता लिहिता माणूस पुस्तकाच्या तोडीचं लिहून गेला. माझ्या मते त्यांचं जमलं याचं कारण त्यांच्या विषयांना एक्स्पायरी डेट नव्हती. शिवाजी महाराजांचं व्हर्जन दोन येत नाही.

टेक्नॉलॉजीवर लिहिणाऱ्याचं मात्र तसं नाही. तरी यातही एक अवलिया आहेच. डोनाल्ड क्नुथ. १९६२ साली, वयाच्या २४व्या वर्षी, एका प्रकाशकानं त्यांना कंपायलरवर पुस्तक लिहायला सांगितलं. त्यांनी १२ प्रकरणांची यादी केली आणि लिहीत सुटले. त्या एका पुस्तकाचे खंड झाले. पहिला १९६८मध्ये आला, दुसरा १९६९मध्ये, तिसरा १९७३मध्ये. मग दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना इतकी खटकली, की पुस्तक बाजूला ठेवून १९७७मध्ये त्यांनी टाइपसेटिंगचं सॉफ्टवेअरच लिहायला घेतलं. त्यात सुमारे दहा वर्षं गेली! चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११मध्ये आला, दुसरा २०२२मध्ये. या माणसानं १ जानेवारी १९९०पासून ईमेल वापरणं बंद केलंय, कारण काय तर लिहायला सलग वेळ हवा. हे वाचून मी दोन दिवस फोन सायलेंटवर ठेवला. तिसऱ्या दिवशी एका क्लायंटनं काम दुसरीला दिलं. क्नुथ स्टॅनफर्डमध्ये प्रोफेसर होते, हे विसरायचं नाही.

मला त्यांच्यापेक्षा लिनक्सवाली मंडळी जवळची वाटतात. १९९२मध्ये त्यांनी डॉक्युमेंटेशन प्रोजेक्ट सुरू केला. सगळे हौशी. त्यांनी सरळ दोन खाती केली. एका कामापुरते छोटे लेख, त्यांना म्हणायचं ‘हाऊ-टू’. आणि पुस्तकाएवढे मोठे, त्यांना म्हणायचं ‘गाइड’. ओलाफ किर्श यांचं नेटवर्कवरचं गाइड असंच फुकट वाटलं जायचं आणि १९९५मध्ये ओरायली या प्रकाशकानं तेच छापून विकलंही. फुकट मिळणारं पुस्तक लोक विकत घेतात, हे ऐकून आमचा मोबाइल रिपेअरवाला मित्र म्हणाला, ‘ते तिकडं. इकडं लोक चार्जर पण उधार मागायलेत.’

मराठीत हे कुणी केलंच नाही असं नाही. अच्युत गोडबोले आहेतच. आयटीतल्या मोठ्या नोकऱ्या करता करता इंग्रजीत ऑपरेटिंग सिस्टिमवर पाठ्यपुस्तक, आणि मराठीत ‘किमयागार’पासून ‘अर्थात’पर्यंत जाडजूड पुस्तकं. ते सोलापूरचे, म्हणजे आमच्या शेजारचेच, त्यामुळे अप्पा त्यांचं नाव नेहमी माझ्यापुढे घेतात. ‘बघ, नोकरी करून लिहिलं त्यांनी.’ अप्पा एसटीतून रिटायर झालेत. पगार नसलेलं काम त्यांच्या लेखी काम नाही, छंद आहे. आणि छंदासाठी जागरण करणं म्हणजे तब्येत बिघडवणं!

गंजगोलाईच्या आसपासच्या पुस्तकांच्या दुकानांत एकदा सहज फिरून बघा. नीटचे, सीईटीचे प्रश्नसंच छतापर्यंत. संगणकाची एखादीच फळी, तीही टॅली, एक्सेल आणि एमएस-सीआयटी यांची. परीक्षेत जे येतं तेच पुस्तक, हा इथला हिशेब आहे आणि लातूर पॅटर्नच्या गावात तो चुकीचाही म्हणता येत नाही. पण साठीतल्या माणसाच्या हातात मुलानं पुण्याहून पाठवलेला स्मार्टफोन आहे, त्याची परीक्षा तर रोजच चाललीय. त्याच्यासाठी त्या फळीवर काही नाही.

बरं, पुस्तकातून मिळणार किती? माझा करार ५०० प्रतींचा, किंमत २०० रुपये, रॉयल्टी १० टक्के. सगळ्या प्रती खपल्या तर दहा हजार रुपये. क्लासच्या दोन माहितीपत्रकांचे मला यापेक्षा जास्त मिळतात. करार करताना मात्र मी एक शहाणपण शिकले, ते तुम्हालाही सांगते. १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, तुम्ही नोकरीत नसाल आणि वेगळा करार नसेल तर लेखाचा हक्क तुमचाच असतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. फोनवरच्या ‘हो हो, छापा की’ला हक्क दिला असं म्हणत नाहीत. फुकट लिहिण्याचा हा एक फायदा. माझे २१० लेख माझेच होते.

माझे असले तरी ते उघडता यायला हवेत ना! पहिल्या वर्षीचे लेख ऑफिसच्या डीटीपीवाल्या दादांनी जुन्या फॉन्टमध्ये सेट केलेले आणि माझ्याकडे राहिल्या होत्या त्याच फाइल्स. माझ्या लॅपटॉपवर त्या उघडल्या की नुसती चिन्हं. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात आणि दाखवताना आधी दाखवतात. त्यामुळे कन्व्हर्टर लावला की वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, रफार गायब होतो आणि जोडाक्षरांचं जे होतं ते न सांगितलेलं बरं. पन्नासेक लेख मी परत टाइप केले. टेक्नॉलॉजीवर लिहिणारी बाई टेक्नॉलॉजीमुळे हातानं टाइप करतेय, यावर आमच्या रूम पार्टनरनं आठवडाभर करमणूक करून घेतली.

हे चालू असताना सदर होतंच. शुक्रवारी रात्री विषय, शनिवारी प्रत्येक स्टेप स्वतः करून बघायची, दुपारी चारला मजकूर पाठवायचा. सहा-सात तास जातात. पुस्तकासाठी उरायचा तो रविवार, आणि रविवारी वाचकांचे फोन. चार महिन्यांत पुस्तकाची अकरा पानं झाली. शेवटी मी ठरवलं, सदर बंद. संपादकांना सांगायचं, सहा महिने सुट्टी द्या. मेसेज टाइपही केला.

तो पाठवायच्या आधी अहमदपूरहून एका रिटायर्ड गुरुजींचा फोन आला. त्यांना व्हिडिओ कॉल आला होता. समोर पोलिसाच्या वेशातला माणूस. तुमच्या आधार कार्डावर पार्सल सापडलंय, तुम्ही ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये आहात, कॉल कट करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. गुरुजी घामाघूम. पण त्याच्या दोनच आठवडे आधी मी लिहिलं होतं, की डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कायद्यात नाहीच. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं होतं, ते गुरुजींनी ऐकलंही होतं. पण ऐन वेळी आठवलं ते कात्रण, कारण ते टेबलावर होतं. त्यांनी कॉल कट केला. ‘ताई, हात इतका थरथरत होता, की कट करायचं बटण सापडंना.’

मेसेज ड्राफ्टमध्येच राहिला. नांदेडला जाताना अहमदपूर वाटेतच लागतं. पुढच्या खेपेला मी तिथे उतरले आणि गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी चहा दिला आणि एक दोनशे पानी वही समोर ठेवली.

माझे लेख! खळ लावून नीट चिकटवलेले. पण तारखेप्रमाणे नाहीत. गुरुजींनी आपले स्वतःचे विभाग पाडले होते आणि लाल शाईनं मथळे दिले होते. ‘अनोळखी फोन आला तर’. ‘पैसे गेले तर’. ‘नातवाला विचारायची लाज वाटते ते’. ‘बँकेत जायच्या आधी’. शेवटी ‘आता उपयोग नाही’ असा एक विभाग, त्यात माझे मेलेले लेख दुमडून ठेवलेले. १५५२६०वर आडवी रेघ मारून बाजूला १९३० लिहिलेलं, तारखेसकट.

मी माझे ढीग पासवर्ड, पेमेंट, फोन, इंटरनेट असे विषयांप्रमाणे लावले होते. गुरुजींनी ते भीतीप्रमाणे लावले होते. फोन वाजल्यावर कुणी ‘पेमेंट’ प्रकरण उघडत नाही हो! चार महिने मी जी अनुक्रमणिका शोधत होते, ती या माणसानं खळ आणि लाल पेन घेऊन दुपारच्या वेळात करून ठेवली होती. मी वहीचे फोटो काढू का विचारलं. म्हणाले, ‘काढा की. तुमचंच आहे.’ तसं ते माझंच होतं असं मला त्या वेळी काही वाटलं नाही. पुस्तकात त्यांचं नाव छापायची परवानगी मागितली तर नको म्हणाले. गावात उगाच चर्चा, कॉल आला होता हे घरात अजून कुणाला माहीत नाही.

तर सध्याची व्यवस्था अशी. सदर दर रविवारी आहेच, पण एक रविवार माझा, एक नांदेडच्या सरांचा. संपादक आधी नाही म्हणाले. जागा रिकामी राहणार नाही म्हटल्यावर हो म्हणाले, शेवटी दोघंही फुकटच आहोत. सरांना दर पंधरवड्याला लिहावं लागतंय, म्हणून त्यांचं विकिपीडियाचं काम मंदावलंय आणि ते मला अधूनमधून ऐकवतात. मी सकाळी सहा ते आठ पुस्तक लिहिते, नेट बंद करून. बदलणारी प्रत्येक गोष्ट, म्हणजे नंबर, अ‍ॅपची नावं, कुठलं बटण कुठे, ती प्रकरणात घ्यायचीच नाही असं ठरवलंय. ते सगळं शेवटच्या एका पानावर. ते पान छपाईच्या आदल्या आठवड्यात लिहायचं आणि त्याखाली वाचकासाठी चार रिकाम्या ओळी ठेवायच्या, तारखेच्या रकान्यासकट. प्रकाशकांना वाटतं छपाईत चूक झालीय असं दिसेल. त्यावर अजून वाद चालू आहे.

शब्दांचा घोळ वेगळाच. सॉफ्टवेअरला ‘आज्ञावली’ म्हणायचं का ‘सॉफ्टवेअर’च? मी टेस्टिंग आईवर करते. तिला ‘आज्ञावली’ म्हणजे देवीची आरती वाटली. सॉफ्टवेअर राहिलं!

प्रत्येक प्रकरण आधी आई वाचते, हातात फोन घेऊन. अडली की पेन्सिलनं फुली. अप्पा शेजारी बसून पेपर वाचल्यासारखं करतात. परवा ते हळूच म्हणाले, ‘ते पिनचं परत एकदा वाच गं मोठ्यानं. मला नाही, हिला कळंना म्हणून.’ आईनं वाचलं. अप्पांनी फोन काढला, चष्मा लावला आणि मला बाहेर जायला सांगितलं. पाठ केलेला पिन कागदावर लिहून पाकिटात ठेवला होता, तो बदलायचा होता.

नऊपैकी चार प्रकरणं झालीत. पाचवं ‘पैसे गेले तर’ आहे आणि आईच्या त्यावर आतापर्यंत सतरा फुल्या आहेत.